लाइट हलतो म्हणजे आकडा हलतो : मूव्हिंग हेड, रंग आणि कन्सोलवरचे इफेक्ट

या भागात आकडे बरेच आहेत, म्हणून ऐकून झाल्यावर हे लेखी रूप एकदा डोळ्यांखालून घाला. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘बरं का’ थोडे काढलेत, सगळे नाही.

एकांकिका स्पर्धांचा मोसम जवळ आला की साधारण एकाच धाटणीचे मेसेज यायला लागतात. ‘यंदा चार मूव्हिंग हेड भाड्याने घेतोय, कन्सोलवर इफेक्ट कसे टाकायचे?’ सोबत एखादं रील असतं. रीलमध्ये सहा लाइट गोल फिरतायत, रंग इंद्रधनुष्यासारखे पळतायत, आणि खाली एक मुलगी आपल्या आईच्या आजारपणाबद्दल बोलतेय. रीलला लाइक भरपूर. पण त्या मुलीच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही, कारण चेहरा दर दोन सेकंदांनी हिरवा होतोय.

तर आज इफेक्ट नावाचा डबा उघडून बघू. आत जादू फार नाही, पाच गोष्टी आहेत. त्यातल्या चार तुम्हाला कुठलाही यूट्यूब व्हिडिओ शिकवेल. पाचवी, म्हणजे चालू इफेक्ट संपवायचा कसा, हे फारसं कुणी सांगत नाही. नाटकाला मात्र नेमकी तीच लागते.

०१:५० : केबलमधून काय जातं?

कन्सोल लाइटला ‘गोल फिर’ असं सांगत नाही. तो फक्त आकडे पाठवतो. १९८६ साली अमेरिकेतल्या यूएसआयटीटी या रंगभूमी-तंत्रज्ञांच्या संस्थेने डीएमएक्स ५१२ ही पद्धत ठरवली, आणि आजही गावातल्या गणपतीपासून मोठ्या थिएटरपर्यंत तीच चालते. एका केबलमधून ५१२ चॅनल जातात. प्रत्येक चॅनलवर ० ते २५५ मधला एक आकडा. पूर्ण ५१२ आकड्यांची यादी सेकंदाला जास्तीत जास्त ४४ वेळा पुन्हा पुन्हा पाठवली जाते. बस, एवढंच. मूळ डीएमएक्समध्ये लाइट उलट उत्तरही देत नाही. तो बंद पडलाय, उलटा टांगलाय की कुणी त्याचा ॲड्रेस बदललाय, कन्सोलला काही पत्ता नसतो.

साध्या डिमरवरच्या पीसीला एक चॅनल पुरतो, कमी-जास्त. एलईडी पारला लाल, हिरवा, निळा, पांढरा असे चार किंवा जास्त. मूव्हिंग हेडला सोळा-वीस किंवा त्याहूनही अधिक लागतात : पॅन म्हणजे डावी-उजवीकडे फिरणं, टिल्ट म्हणजे वर-खाली, मग डिमर, शटर, रंग, गोबो, फोकस वगैरे.

इथे एक हिशेब करून बघा, कारण बऱ्याच तक्रारी यातूनच सुटतात. मूव्हिंग हेडचा पॅन साधारण ५४० अंश फिरतो, म्हणजे दीड फेरा. तो एकाच चॅनलवर चालवला तर ५४० अंश २५५ पायऱ्यांत वाटले जातात. एक पायरी सुमारे २.१ अंशांची. ऐकायला किरकोळ. पण १० मीटर अंतरावर २.१ अंश म्हणजे जवळपास ३७ सेंटीमीटर! लाइट सावकाश सरकायला सांगितलात तर तो नटाच्या एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर उडी मारेल. म्हणून मूव्हिंग हेडला ‘पॅन फाइन’ आणि ‘टिल्ट फाइन’ असे जोडीचे चॅनल असतात. दोन्ही मिळून ६५,५३६ पायऱ्या होतात, आणि त्याच १० मीटरवर एक पायरी दीड मिलिमीटरच्या आत येते. कन्सोलवर फिक्स्चर निवडताना पॅन फाइन नसलेला मोड निवडला गेला, तर नंतर कितीही सुंदर इफेक्ट बनवा, तो थरथरतच जाणार. लाइट भाड्याने आणलात की सगळ्यात आधी मागच्या छोट्या डिस्प्लेवर मोड बघा आणि कन्सोलवर तोच निवडलाय का ते तपासा. दोन मिनिटांचं काम आहे.

०५:१० : झोपाळ्याचे चार प्रश्न

आता इफेक्ट. डोळ्यांसमोर झोपाळा आणा. झोपाळ्याबद्दल चार गोष्टी विचारता येतात. तो थांबला की कुठे थांबतो? हा झाला मध्य, कन्सोलच्या भाषेत बेस. दोन्ही बाजूंना किती दूर जातो? साइझ. एक हेलकावा पुरा करायला किती वेळ घेतो? रेट, किंवा काही कन्सोलवर सायकल टाइम. आणि शेजारी सहा झोपाळे असतील, तर ते सगळे एकदम हलतायत की एकामागून एक? याला फेज किंवा ऑफसेट म्हणतात.

डिमरचा मध्य ५० टक्के, साइझ २० टक्के, एका हेलकाव्याला ४ सेकंद असं दिलंत, तर लाइट ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये श्वास घेतल्यासारखा कमी-जास्त होईल. सहा लाइट घेतलेत आणि फेज शून्य ठेवलीत तर सहाही एकत्र श्वास घेतील. पूर्ण आवर्तन ३६० अंशांचं धरतात, ते सहा लाइटमध्ये सारखं वाटलंत, म्हणजे प्रत्येकाला ६० अंशांचा फरक दिलात, की लाट तयार होते. एकाआड एक १८० अंश दिलेत की सी-सॉ. बाकी तिन्ही आकडे तेच, फक्त फेज बदलली आणि तीन वेगळे इफेक्ट झाले. म्हणूनच कन्सोलवर नवीन माणूस साइझ आणि रेटशी खेळत बसतो आणि मुरलेला ऑपरेटर आधी फेजला हात घालतो.

आणि गोल कसा येतो? पॅनला एक झोपाळा, टिल्टला दुसरा. दोघांचा वेग सारखा, पण टिल्ट ९० अंश मागे ठेवा. पॅन टोकाला पोचलेला असतो तेव्हा टिल्ट मधोमध, टिल्ट टोकाला असतो तेव्हा पॅन मधोमध. झालं वर्तुळ. ९० च्या जागी शून्य ठेवलंत तर दोघं एकदमच जातात-येतात आणि नुसती तिरकी रेघ मिळते. टिल्टचा वेग पॅनच्या दुप्पट केलात तर आडवा इंग्रजी आठ. शाळेत भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ज्यांनी लिसाजूच्या आकृत्या पाहिल्या असतील त्यांना हे ओळखीचं वाटेल. तेच आहे.

याचा सराव करायला कन्सोल लागत नाही. क्यूएलसी प्लस हे फुकट, मुक्त सॉफ्टवेअर विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. त्यात ‘ईएफएक्स’ नावाचं फंक्शन आहे. गोल, आठ, रेघ, चौकोन, पान, लिसाजू असे आकार निवडा. रुंदी, उंची, मध्यबिंदू आणि फिरवण्याचा कोन बदला. शेजारच्या चौकटीत ठिपका त्या वाटेने फिरताना दिसतो. वेब इंटरफेस चालू केलात तर फोनच्या ब्राउझरमधून त्याची बटणंही दाबता येतात. एक संध्याकाळ यात घालवलीत तर भाड्याच्या कन्सोलसमोर मिळणारा तासभर वाया जात नाही. इटीसीचं नोमॅड हे सॉफ्टवेअरही ऑफलाइन कामासाठी फुकट मिळतं, आणि ते इऑस कन्सोलसारखंच चालतं.

आता कागदावरचा गोल स्टेजवर गोल का दिसत नाही, ते सांगतो. लाइट बारवर टांगलेला आहे आणि सरळ खाली, पायाशी बघतोय असं समजा. अशा वेळी पॅन कितीही फिरवा, प्रकाशाचा ठिपका जागचा हलत नाही, फक्त स्वतःभोवती गिरकी घेतो. लाइट जितका आडवा, लांब बघेल, तितकाच पॅनचा तोच आकडा जमिनीवर मोठं अंतर कापतो. म्हणजे साइझ १० टक्के हा एकच आकडा लाइटच्या खालीच असलेल्या जागेवर इवलासा इफेक्ट देतो आणि पार मागच्या विंगेजवळ भलामोठा. शिवाय प्रकाश तिरका पडला की वर्तुळाचं लंबवर्तुळ होतं. हा कन्सोलचा दोष नव्हे, भूमिती आहे. इलाज एकच : प्रत्यक्ष जागेवर नेम धरून मगच साइझ ठरवा, आणि गोल हवाच असेल तर पॅनची आणि टिल्टची साइझ वेगवेगळी ठेवा.

०९:०० : रंगाची वाट

रंगाचा इफेक्टही तसाच, आकडाच हलतो. फक्त इथे तीन-चार आकडे एकदम हलतात, आणि तिथेच घोळ होतो.

एलईडी पार लाल आहे, म्हणजे लाल २५५, हिरवा ०, निळा ०. तो मोरपंखीकडे न्यायचाय, म्हणजे लाल ०, हिरवा २५५, निळा २५५. कन्सोलला नुसतं पाच सेकंदांत जा म्हणालात तर तो प्रत्येक आकडा सरळ रेषेत नेतो. अर्ध्या वाटेवर तिन्ही आकडे १२७ च्या आसपास येतात. म्हणजे काय? पांढरट राखाडी! लाल आणि मोरपंखीच्या मधे एक फिका, बेचव क्षण येतो आणि ऑपरेटर म्हणतो, लाइट खराब आहे.

नाटकात याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे सूर्यास्त. संध्याकाळचा केशरी समजा लाल २५५, हिरवा १४०, निळा ०. रात्रीचा निळा समजा २०, ४०, १६०. मधला क्षण काढा : १३७, ९०, ८०. हा रंग विटकरी-मातकट आहे. सायक्लोरामावर एक मिनिटाचा फेड घेतलात तर त्यातली पंधरा-वीस सेकंद आकाश मळकं दिसतं. खरं आकाश तसं जात नाही. ते केशरीवरून गुलाबी, मग जांभळट, मग निळं होत जातं. तर कन्सोललाही तीच वाट दाखवायची. एका क्यूऐवजी चार करा, प्रत्येक आधीच्याला जोडून आपोआप सुटणारा, आणि मधल्या दोघांत गुलाबी आणि जांभळट स्वतःच्या डोळ्यांनी जुळवून ठेवा. बऱ्याच कन्सोलवर रंगचक्राच्या कडेकडेने जाण्याचा पर्यायही असतो. तो वापरा, पण कुठल्या बाजूने वळसा घालतोय ते आधी बघा. केशरीवरून निळ्याकडे हिरव्यातून गेलात तर प्रेक्षकांना नदीकाठ दिसणार नाही, भुताचा वाडा दिसेल.

अजून दोन बारीक गोष्टी. कपडे आणि रंग : हळदी रंगाचं लुगडं शुद्ध निळ्या प्रकाशात जवळपास काळं दिसतं, कारण पिवळा रंग निळा प्रकाश शोषून घेतो. रंगीत तालमीत वेशभूषा अंगावर नसेल तर रंगाचा इफेक्ट पक्का करू नका. आणि दुसरं म्हणजे तळाचा उजेड. ० ते १० टक्क्यांत आठ-बिटच्या डिमरकडे फक्त पंचवीसेक पायऱ्या असतात. वीस सेकंदांत हळूहळू अंधार करायचा म्हटलं तर जवळपास सेकंदाला एक पायरी, आणि अंधारात डोळा इतका तल्लख असतो की प्रत्येक पायरी दिसते. जुन्या हॅलोजनमध्ये तार गरम-गार व्हायला वेळ घ्यायची, त्यामुळे हे झटके आपोआप पुसले जायचे. जुने प्रकाशयोजनाकार एलईडीवर नाराज असतात ते उगाच नाही. स्वस्त एलईडी पारवर इफेक्ट १५ टक्क्यांच्या खाली नेऊच नका, आणि लाइटच्या मेनूत डिमर स्मूथ करायची सेटिंग असेल तर ती चालू करा.

१२:३० : शेकोटी आणि गाडी

कन्सोलमध्ये आयते इफेक्ट असतात. गोल, आठ, इंद्रधनुष्य, सगळीकडे सैरावैरा पळणारे झोत. ते कुठून आले हे लक्षात घ्या. आज ज्याला आपण मूव्हिंग लाइट म्हणतो तो १९८१ मध्ये जेनेसिस या रॉक बँडच्या दौऱ्यावर लोकांसमोर आला, व्हॅरीलाइट नावाने. त्याआधी १९७५ मध्ये ब्रॉडवेवर ‘अ कोरस लाइन’साठी थॅरॉन मसर यांनी मेमरी असलेला कन्सोल वापरला होता, पण तेव्हा लाइट जागच्या जागी असायचे. म्हणजे क्यू लक्षात ठेवणारं यंत्र आधी नाटकवाल्यांकडे पोचलं, आणि हलणारा लाइट आला तो मैफलीकडून. आयत्या इफेक्टमध्ये मैफलीची चव आहे. गाण्याला ती शोभते, संवादाला बहुतेक वेळा नाही.

नाटकाला लागतात ते इफेक्ट गरीब दिसतात : शेकोटी, पाणी, जाणारी गाडी, देवळातल्या समया, कुणीतरी दारातून कंदील घेऊन आलं.

शेकोटी घेऊ. नवीन मुलं एका केशरी लाइटला एक झोपाळा लावतात आणि वेग वाढवतात. मग शेकोटी ॲम्ब्युलन्ससारखी दिसते, कारण डोळ्याला आवर्तन चटकन सापडतं. त्याऐवजी जमिनीजवळ तीन छोटे लाइट ठेवा, तिघांना वेगवेगळा वेळ द्या. एकाला १.३ सेकंद, दुसऱ्याला १.७, तिसऱ्याला ०.९. तिघं एकत्र सुरू झाले तर पुन्हा नेमके एकत्र यायला त्यांना १९८.९ सेकंद लागतील, म्हणजे तीन मिनिटांहून जास्त. तेवढ्यात प्रवेश पुढे गेलेला असतो. मध्य ५५ टक्के, साइझ १५ टक्के. रंग केशरीतच राहू द्या, फार तर एका लाइटला किंचित लालसर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नटाच्या चेहऱ्यावर एक न हलणारा, मंद, उबदार लाइट ठेवा. हलणारा प्रकाश चेहऱ्याच्या कडेवर आणि मागच्या भिंतीवर खेळतो, डोळे स्थिर उजेडात राहतात. एवढं केलंत की प्रेक्षक शेकोटी बघत नाहीत. शेकोटीपाशी बसलेल्या माणसाला बघतात.

गाडी आणखी मजेची. रात्री रुळांशेजारच्या घरात बसलेली माणसं आणि खिडकीतून सरकणारा गाडीचा उजेड. सरळ उपाय म्हणजे एका विंगेतून दुसऱ्या विंगेपर्यंत पाच-सहा लाइट एकामागून एक पेटवायचे, याला चेस म्हणतात. पण नुसता चेस गाडी वाटत नाही, जाहिरातीचा बोर्ड वाटतो. काय कमी पडतं? डब्यांमधला अंधार. आपल्याकडचा रेल्वेचा डबा साधारण २३ मीटर लांब असतो. ताशी ६० किलोमीटरने गाडी गेली तर एक डबा १.४ सेकंदांत सरकतो. म्हणजे खिडक्यांचे उजेड सलग चार-पाच, मग छोटासा काळोख, मग पुन्हा खिडक्या, आणि हे चक्र दर १.४ सेकंदांनी. तो काळोखाचा तुकडा टाकला की प्रेक्षकांच्या कानात रुळांचा खडखडाट आपोआप वाजतो. ध्वनिवाल्याला तोच आकडा द्या, त्याचा खडखडाटही १.४ वर बसवा.

याच जागी एक इशारा. भराभर लुकलुकणारा उजेड काही लोकांमध्ये फिट आणू शकतो. वेबसाइटसाठीची जी मार्गदर्शक तत्त्वं आहेत त्यात सेकंदाला तीनपेक्षा जास्त झगझगाट टाळा असं म्हटलंय, आणि नाटकातही तोच आकडा धरून चाललेलं बरं. गाडीच्या खिडक्या याच्या वर सहज जातात. म्हणून तो इफेक्ट बाजूच्या भिंतीवर, लहान जागेत, मऊ कडांचा आणि काही सेकंदांपुरताच ठेवा, थेट प्रेक्षकांच्या डोळ्यांत कधीच नाही. स्ट्रोब वापरत असाल तर दारावर ठळक पाटी लावा आणि प्रयोगाआधीच्या सूचनांमध्ये मोबाइल बंद करा सोबत हेही सांगा. हा सौजन्याचा मुद्दा नाही, अंधाऱ्या सभागृहात पाचशे माणसं तुमच्या भरवशावर बसलेली असतात.

आणि पाणी? पाण्यासाठी मी मूव्हिंग हेड वापरूच नका म्हणेन. परातीत पाणी, तळाशी आरशाचे तुकडे, एका बाजूने एक पीसी, आणि विंगेत बसलेल्या मुलाने परातीला हलकेच बोट लावायचं. भिंतीवर जे उमटतं ते अजून तरी कुठल्या कन्सोलला साधलेलं मी पाहिलेलं नाही. कोलकात्यात १९५९ साली उत्पल दत्त यांच्या ‘अंगार’मध्ये तापस सेन यांनी कोळशाच्या खाणीत पाणी भरत जाण्याचा भास प्रकाशाने उभा केला होता, आणि ‘सेतू’मधली त्यांची धडधडत येणारी रेल्वेगाडीही गाजली. डीएमएक्स यायला तेव्हा पाव शतकाहून अधिक काळ बाकी होता. मध्य, साइझ, वेग, कोण कुणाच्या मागे, हे सगळं तेव्हाही ठरवावंच लागत होतं. फक्त ते हातात होतं.

१६:२० : थांबायचं कसं

आता पाचवी गोष्ट. नाटकाचे बहुतेक कन्सोल ट्रॅकिंग पद्धतीने चालतात. म्हणजे क्यूमध्ये फक्त बदल नोंदले जातात. ज्याच्याबद्दल काही सांगितलं नाही ते आहे तसं पुढे चालू राहतं. क्यू १२ ला शेकोटी सुरू केलीत. १३ आणि १४ मध्ये चेहऱ्याचे लाइट बदललेत, शेकोटी चालूच, हवीच होती. क्यू १५ ला ब्लॅकआउट. सगळे डिमर शून्यावर. पण शेकोटीचा इफेक्ट थांबव असं कुठे सांगितलंय? नाही सांगितलं. काही कन्सोलवर मध्य शून्य झाला तरी झोपाळा हलतच राहतो, आणि गडद काळोखात, जिथे नट पाय न वाजवता जागा बदलतायत, तिथे केशरी उजेड उचक्या देत राहतो. मूव्हिंग हेडचा पॅन-टिल्ट असेल तर अंधारात तो दिसत नाही, पण मोटारींची घरघर ऐकू येते. पुढच्या प्रवेशात तो लाइट पेटवलात की तो नाचतानाच उगवतो. सभागृह हसतं. गंभीर प्रवेशात हसलेलं सभागृह परत आणायला नटाला दहा मिनिटं लागतात.

म्हणून सवय लावून घ्या : इफेक्ट सुरू करणारा क्यू लिहिला की त्याच वेळी तो थांबवणारा क्यूही लिहायचा. नंतर नाही. आणि प्रत्येक प्रवेशाच्या पहिल्या क्यूला ब्लॉक करून ठेवा, म्हणजे मागचं काहीही त्याच्यात झिरपत नाही. तालमीत दिग्दर्शक ‘मधला प्रवेश परत घेऊ’ म्हणतो तेव्हाही याचा फायदा होतो, कारण कुठूनही उडी मारली तरी चित्र तेच येतं.

थांबणं कसं दिसावं हाही निर्णय आहे. इऑसवर प्रत्येक इफेक्टला आत येण्याची आणि बाहेर जाण्याची पद्धत वेगळी ठरवता येते. ताबडतोब थांब म्हटलंत तर लाइट असेल तिथून मध्यावर उडी घेतो. आकाशात वीज चमकणार असेल तर ठीक. साइझने विरत जा म्हटलंत तर झोपाळा जसा आपोआप लहान हेलकावे घेत स्थिर होतो तसं होतं, आणि शेकोटीला हेच हवं. फक्त सोबत मध्यही खाली आणा, नाहीतर ज्वाला विझत नाहीत, गोठतात. गाडीसाठी मात्र वेग कमी करून इफेक्ट संपवू नका. वेग कमी झाला की गाडी थांबली असा अर्थ होतो, आणि मग दारातून कोण आलं याची वाट प्रेक्षक बघत बसतात. जाणाऱ्या गाडीचा वेग तोच ठेवायचा, उजेड तेवढा फिका करत न्यायचा.

मूव्हिंग हेडची आणखी एक खोड. पॅन दीड फेरा फिरतो, त्यामुळे एकाच जागेवर नेम धरायला त्याच्याकडे कधी कधी दोन वाटा असतात. क्यू ८ एका वाटेने भरला आणि क्यू ९ दुसऱ्या, तर शेजारच्या दोन खुर्च्यांमध्ये जायला लाइट पूर्ण गिरकी घेतो. सगळ्या जागा एकाच बाजूने भरा. आणि दोन क्यूंच्या मधे लाइट बंद असेल तेव्हाच त्याला गुपचूप पुढच्या जागी नेऊन ठेवा. इऑसवर याला मार्क म्हणतात, ग्रँडएमएवर मूव्ह इन ब्लॅक. एवढं केलं तरी निम्मे मूव्हिंग हेड शहाण्यासारखे वागायला लागतात.

१९:१० : तबल्यावर काय करायचं?

हा प्रश्न लावणीच्या कार्यक्रमासाठी आला होता. आयते इफेक्ट चार ठोक्यांच्या हिशेबात असतात. दादरा सहा मात्रांचा. चार लाइटचा चेस दादऱ्यावर टाकलात तर सम कुठेच सापडत नाही. लय मिनिटाला ९० मात्रांची असेल तर एक मात्रा ०.६७ सेकंदाची आणि दादऱ्याचं आवर्तन ४ सेकंदांचं. सहा लाइट घ्या, एका मात्रेला एक, समेचा लाइट थोडा जास्त उजळ. केरवा असेल तर आठ मात्रा, आठ लाइट किंवा चारच दोनदा. पण हे झालं रेकॉर्ड केलेल्या गाण्याचं. ढोलकीवाला समोर बसलाय तर तो तुमच्या ०.६७ ला बांधील नाही, तो नाचणारीच्या पायाकडे बघून लय वाढवणार. तिथे टॅप बटण असेल तर ते बोटाखाली ठेवा, किंवा चेस हातानेच पुढे ढकला, मात्रेला एक दाब. ऑपरेटरला ताल कळायला हवा हे ओघाने आलंच.

२०:४० : दुसऱ्या गावात

शेवटचा भाग दौऱ्याचा. आज दादरचं शिवाजी मंदिर, उद्या ठाण्याचं गडकरी रंगायतन, रविवारी पुण्याचं बालगंधर्व. बारची उंची, स्टेजची खोली, लाइट टांगायची जागा सगळं बदलतं. मघाशी सांगितलेली भूमिती आठवा : साइझचा तोच आकडा नव्या उंचीवरून वेगळ्या मापाचा इफेक्ट देणार. स्पर्धेत तर सेटिंगचा वेळ मिनिटांत मोजला जातो. अशा वेळी क्यूमध्ये थेट पॅन-टिल्टचे आकडे भरलेले असतील तर पन्नास क्यू उघडून बसावं लागतं.

म्हणून आकडे क्यूमध्ये भरायचे नाहीत, पॅलेटमध्ये भरायचे. ‘पार’, ‘खिडकी’, ‘तुळशी वृंदावन’, ‘आजीची खुर्ची’ अशी नावं देऊन जागा साठवा आणि क्यूमध्ये फक्त त्या नावाचा हवाला द्या. इफेक्टही त्या जागेभोवतीच फिरू द्या. नव्या थिएटरात गेलात की सात-आठ पॅलेट नव्याने नेम धरून सेव्ह करायची, पन्नासही क्यू आपोआप जागेवर येतात. मग उरलेल्या वेळात प्रत्येक हलणाऱ्या इफेक्टची साइझ एकदा डोळ्यांनी बघा. रंगांचंही तसंच : ‘संध्याकाळ १’, ‘संध्याकाळ २’ अशी पॅलेट असली की तिथल्या एलईडीचा केशरी वेगळा निघाला तरी एकाच ठिकाणी दुरुस्ती होते.

आणि वेळ खरंच संपत आला, पडद्यामागून घंटेची तयारी चालू झाली, तर काय सोडायचं? आधी मूव्हिंग हेड सोडा. चेहऱ्याचे लाइट, सायक्लोरामा, ब्लॅकआउट हे नीट झालंय का बघा. इफेक्टचे क्यू वगळून नाटक सलग चालेल अशी एक दुसरी यादी घरूनच बनवून पेनड्राइव्हवर घेऊन जा. पेनड्राइव्ह दोन, एक ऑपरेटरच्या खिशात आणि एक दिग्दर्शकाच्या.

पुढच्या भागात धूर. फॉग मशीन आणि हेझ मशीन यात फरक काय, एसी चालू असताना धूर नेमका पहिल्या रांगेवरच का येतो, आणि गाणाऱ्या नटांची त्यावर काय तक्रार असते, ते बोलू. तुमच्या स्पर्धेतल्या थिएटरचा प्लॅन असेल तर फोटो पाठवून ठेवा, बारची उंची लिहायला विसरू नका.